आप्पांच्या गाईच्या पोटातला बुरा

तारीख ९ ऑगस्ट १९९७, शनिवार. रक्कम रुपये सोळा हजार. हजर: गाईचे मालक आप्पा, त्यांचा धाकटा भाऊ, गावचे पोलीस पाटील, सरकारी दवाखान्याचे जनावरांचे डॉक्टर, माझे वडील आणि मी.

हे मी त्या दिवशी एका फुलस्केप कागदाच्या वरच्या अंगाला लिहिलं होतं. मूळ कागद आप्पांकडे गेला. मी रात्री घरी त्याची नक्कल करून ठेवली, ती अजून आहे. त्यामुळे पुढे जे आकडे येतील ते आठवणीतले नाहीत, कागदावरचे आहेत.

सोळा हजार ही मेलेल्या गाईची किंमत. ती माझ्या वडिलांनी भरावी, नाहीतर फिटेपर्यंत आप्पांच्या रानात बिनपगारी राबावं, असं सकाळी नऊच्या सुमाराला ठरत आलं होतं. वडिलांनी गाईला विष घातलं, असा आळ होता.

आमचं गाव दौंड तालुक्यात, राहू गावाच्या अलीकडे, भीमेपासून दीडेक किलोमीटरवर. गावाच्या उगवतीला आमची, बौद्धांची, तेवीस घरं. वडील नऊ वर्षं आप्पांच्या गोठ्यावर आणि रानात कामाला होते. मी कुरकुंभला एका औषधाच्या कारखान्यात स्टोअरला होतो. ड्रम मोजायचे, वजन करायचं, रजिस्टरला चढवायचं. त्या दिवशी तिसरी पाळी करून आठ वाजता घरी आलो तर आई उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, "आप्पांची गाय पहाटं गेली. तुझ्या बाबाला बोलावून नेलंय." मी डबा ठेवला आणि तसाच गेलो.

गाय संकरित होती, दिवसाला सोळा लिटर देणारी. वीस दिवसांपूर्वी व्यायली. पाचव्या दिवशी कास सुजली, दगडी झाली. सरकारी दवाखाना लांब म्हणून आप्पांनी नदीपलीकडून, शिरूरच्या बाजूचा, इंजेक्शन टोचणारा माणूस आणला. तो शिकलेला डॉक्टर नव्हता. एका डॉक्टरच्या हाताखाली चार वर्षं काढलेला. त्याने रोज दोन इंजेक्शनं आणि तोंडावाटे गोळ्या असं अकरा दिवस चालवलं. कास उतरली. मग गाईने खाणं सोडलं. चार दिवस नुसती मान टाकून उभी होती, पाचव्या दिवशी बसली ती उठलीच नाही.

आदल्या आठवड्यात वडिलांनी रोज वाढवून मागितला होता. चाळीसचे पंचेचाळीस. आप्पा नाही म्हणाले होते. गोठ्यासमोर निम्मं गाव जमलं होतं आणि आप्पांचा भाऊ तेच धरून बसला होता.

"रोज दिला न्हाई तवा काय म्हनला व्हतास? माझ्याबिगर कसं चालतंय बघतो. म्हनला व्हतास का न्हाई?"

"म्हनलो," वडील म्हणाले. "गवत कोन कापतं ते बघतो म्हनलो. गाईचं नाव न्हाई काढलं."

"शेवटची वैरण कुणी टाकली?"

"मीच टाकली. नऊ वर्सं मीच टाकतोय."

"जुनी खोड हाय ही. आमची आज्जी सांगायची, ढोरं अशीच मरायची."

हे काय बोलणं आहे ते तिथे सगळ्यांना कळलं. पूर्वी गावात जनावर मेलं की ओढून न्यायचं काम आमच्या लोकांकडे असे, आणि कातड्यासाठी, मांसासाठी यांनीच विष घातलं असं म्हणायची पद्धत होती. एकोणीसशे छप्पनला धम्म घेतल्यावर आमच्या वस्तीने ते काम सोडलं. काम सोडून एक्केचाळीस वर्षं झाली होती. आळ मात्र तसाच राहिला होता.

पाटील मधला माणूस. ते म्हणाले, "पोलिसात गेलं तर दोघांच्याबी मागं लागंल. हितंच मिटवा. सोळा एकदम कोण मागतंय? थोडं थोडं."

मी म्हणालो, "डॉक्टर बोलवा. गाय उघडून बघू."

"तुला काय कळतं रं त्यातलं?" आप्पांचा भाऊ म्हणाला. "कारखान्यात गेला म्हंजी साहेब झाला व्हय?"

पण आप्पा स्वतःच म्हणाले, बोलवा. गाईचा विमा होता आणि डॉक्टरच्या कागदाशिवाय विमा कंपनी त्यांना दारात उभं करणार नव्हती. पाटलांनी दूध संस्थेच्या फोनवरून निरोप दिला.

डॉक्टर सव्वाबाराला मोटारसायकलवर आले. वय असेल अठ्ठावीस-तीस. गाईभोवती फिरले, डोळ्याची पापणी वर केली, पोटावर टिचकी मारली. म्हणाले, तासाभरात उघडली नाही तर फुगून आतलं काही दिसायचं नाही. त्यांचा शिपाई रजेवर होता.

"कातडं सोडवायला, पाय धरायला कुणीतरी पाहिजे. मी एकटा काय काय करू?"

आप्पांच्या भावाने वडिलांकडे हात केला. "हे हायेत की. यांना शिकवायला लागत न्हाई."

वडील खांबाला टेकून उभे होते, तिथून हलले नाहीत.

"माझ्या बापानं छप्पन साली सुरी लोहाराकडं नेली आन् तिचं खुरपं करून आनलं," ते म्हणाले. "त्या खुरप्यानं मी तुमची निंदणी करतो, आप्पा. ढोराला हात लावनार न्हाई."

पाटील म्हणाले, "आरं, तुझ्यावरचाच आळ जायचाय न्हवं? तूच न्हाई म्हनलास तर कसं?"

"ऱ्हाऊ द्या मग आळ."

मी बाह्या वर सारायला लागलो. मला वाटलं, एक तासाचं काम आहे, करून टाकावं. वडिलांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"तू हात लावलास तर परत माझ्या घरात यायचं न्हाई. कागद घे आन् लिही. त्यासाठी शिकवलाय तुला."

गोठ्यात दुसरी गाय रवंथ करत होती. शेवटी डॉक्टरांनी बॅग उघडली, रबरी हातमोजे चढवले आणि म्हणाले, "चला आप्पा, धरा पाय."

"मी?"

"गाय कुणाची आहे?"

आप्पांनी धोतराचा सोगा खोचला. पुढचा पाय त्यांनी धरला, मागचा त्यांच्या भावाने. पाटलांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि ते डोक्याकडे बसले. मी पोत्यावर मांडी घातली. घड्याळात बघून लिहिलं: सुरुवात बारा पन्नास.

डॉक्टर सांगत गेले, मी लिहीत गेलो. गाईला पोटाचे चार कप्पे असतात हे मला तेव्हा कळलं. पहिलं पोट सगळ्यात मोठं, त्यात सगळा चारा पडतो. ते कापलं तेव्हा आंबूस वास आला आणि मग त्याच्या मागून दुसरा, जुन्या बंद खोलीचा. आतल्या बाजूला काळसर लाल चट्टे. मी विचारलं, किती? डॉक्टर म्हणाले, अनेक असं लिहा. मी म्हणालो, मोजता येतील का? ते हसले, पण त्यांनी मोजले. सतरा. सगळ्यात लहान रुपयाएवढा, सगळ्यात मोठा माझ्या पंजाएवढा. चट्ट्यांवर राखाडी लव, जुन्या घोंगडीवर येते तशी. चिमट्याने ओढली की तुकडा निघायचा आणि खाली मांस दिसायचं. तिसऱ्या कप्प्याला पडदेपोट म्हणतात, आत वहीसारखी पानं असतात. ती पानं कडेने काळी पडली होती आणि मधे वाळका चारा विटेसारखा घट्ट बसला होता. काही पानांना भोकं होती. मी भोकंही मोजली: नऊ.

"बुरशी आहे," डॉक्टर म्हणाले. "खायला काय घालत होता?"

आप्पांच्या भावाने पाय सोडला आणि आतून पेंडेचा खडा आणला. शेंगदाण्याची पेंड. डॉक्टरांनी तो खडा दोन्ही हातांनी फोडला तर मधून हिरवी धूळ उडाली.

"ही कुठली?"

"पावसात भिजली व्हती," आप्पा म्हणाले. "वाळवून ठिवली. सहा पोती व्हती, टाकून कशी देनार?"

"किती दिवस घालताय?"

याला उत्तर वडिलांनी दिलं. "अठरा दिवस. सकाळी दोन किलो, सांजच्याला दोन किलो. बुरा आलाय म्हनून मी आप्पांना दावला व्हता."

"मग?"

"भिजवून घाल म्हनले. भिजवून घातली."

आप्पा हातातल्या खुराकडे बघत होते. त्यांनी ते खोटं आहे असं म्हटलं नाही. मी दोघांचंही बोलणं जसंच्या तसं लिहिलं.

मग डॉक्टरांनी इंजेक्शनांचं विचारलं. रिकाम्या बाटल्या गोठ्याच्या कोनाड्यात होत्या, त्या आणल्या. त्यांनी लेबल वाचलं आणि मान हलवली. म्हणाले, बुरशी काही बाहेरूनच येते असं नाही. गाईच्या पोटात एरवीही एका जातीची बुरशी असते, ती काडी-कडबा फोडून द्यायला मदत करते. जंतूही कोट्यवधी असतात, तेही तिच्या कामाचे. अकरा दिवस जोराची औषधं दिली, त्यांत कासेतले वाईट जंतू मेले आणि पोटातले चांगलेही मेले. "नांगरून मोकळं टाकलेल्या रानात गाजरगवत कसं माजतं? तसं झालं. आणि वरून तुम्ही रोज चार किलो बी पेरलंत."

"म्हंजी विष न्हाई?" पाटलांनी विचारलं.

"ते डोळ्यांनी सांगता येत नाही. पुण्याला तपासणीला पाठवावं लागेल. रिपोर्ट येईपर्यंत मी तसं लिहून देणार नाही."

काम संपलं दोन दहाला. मी पाटलांचं घड्याळ परत केलं. सगळ्यांनी सह्या केल्या. वडिलांनी सहीच्या ऐवजी पूर्ण नाव लिहिलं, त्याला वेळ लागला.

तीन बरण्या झाल्या होत्या. दोन औषधी पाण्यात बुडवलेल्या तुकड्यांच्या, एक विषाच्या तपासणीची. डॉक्टरांनी तोंडावर लाख लावून शिक्का मारला. ज्याच्यावर आळ त्याच्याच मुलाने बरण्या नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून सोमवारी पाटील माझ्याबरोबर आले. एसटीत नायलॉनची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. यवतला चढलेल्या एका बाईने विचारलं, "लोणचं व्हय?"

"व्हय," पाटील म्हणाले. "जरा मुरायचंय अजून."

त्या दिवसांत मी एकदाच हसलो असेन तर तेव्हा. तिकिटं मी काढली.

रिपोर्टला सदतीस दिवस लागले. त्या सदतीस दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. वडील कामाला गेले नाहीत, कारण कुणी बोलावलं नाही. सकाळी उठून ते अंगण झाडायचे, मग खुरपं घासायचे, मग बसायचे. जेवायचे तेवढंच जेवायचे. आई त्यांच्याशी नेहमीसारखं बोलायची, मीठ संपलंय, छपराचा पत्रा वाजतोय. मी पाळ्या करत होतो. मला वाईट वाटत होतं का, राग येत होता का, असं बायकोने एकदा विचारलं. मी जरा वेळ विचार केला आणि म्हणालो, झोप येते.

रिपोर्ट एका पानाचा होता. पोटाच्या भिंतीत आणि पडद्यांत बुरशी वाढलेली आढळली. विषबाधा आढळली नाही. मी दौंडला जाऊन पाच झेरॉक्स काढल्या आणि हजर असलेल्या प्रत्येकाला एकेक दिली. आप्पांच्या भावाने न वाचता खिशात घातली. पाटलांनी पूर्ण वाचली आणि म्हणाले, "झालं की मग. मिटलं."

वडील म्हणाले, "मिटलं कुठं? आळ घेतला तवा निम्मं गाव गोठ्याफुडं व्हतं. आता तसंच उभं राहून म्हना की न्हाई घातलं म्हनून."

"आता ते कशाला उकरायचं?"

आप्पा त्या वेळी घरात होते, बाहेर आले नाहीत. डिसेंबरमध्ये विम्याचे बारा हजार त्यांना मिळाले. माझ्या हातच्या कागदावर मिळाले. विमा कंपनीचा माणूस सही ताडायला आमच्या घरी आला होता. मी वडिलांना विचारलं, सांगू का माझी सही म्हणून? ते म्हणाले, तुझी हाय न्हवं? मग सांग. वडिलांची मात्र शेवटच्या अकरा दिवसांची मजुरी राहिली होती. ते मागायला गेले नाहीत. खुटबावला एका रोपवाटिकेत त्यांना काम मिळालं, सायकलवर जाऊन येऊन करायचे. आप्पांच्या घरावरून जाणारा रस्ता जवळचा होता. ते लांबून जायचे.

अशी सात वर्षं गेली.

दोन हजार चारमध्ये मी शिरूरला नोकरीला होतो आणि तिथेच बिऱ्हाड केलं होतं. आईचा फोन आला, बाबांना घास उतरत नाही. वडिलांना तोपर्यंत साखर निघाली होती. त्यात महिन्यापूर्वी छातीत कफ झाला, गावच्या डॉक्टरांनी जोराच्या गोळ्या आणि इंजेक्शनं दिली, चौदा दिवस. छाती मोकळी झाली. मग तोंडाला पांढरा थर आला. आईने टाकणखाराची लाही मधात कालवून लावली, थर निघायचा आणि परत यायचा. मग पाणीसुद्धा छातीत अडकायला लागलं. आठ दिवसांत वजन बावन्नवरून सत्तेचाळीसवर आलं. मी त्यांना दौंडच्या एका दवाखान्यात दाखल केलं. मला वाटत होतं कॅन्सर आहे. मी कुणाला बोललो नाही, फक्त रजा किती शिल्लक आहे ते बघून ठेवलं.

दुर्बिणीने तपासणारे डॉक्टर पुण्याहून गुरुवारी यायचे. त्यांनी वडिलांच्या घशातून नळी घातली आणि नंतर मला फोटो दाखवला. आतल्या गुलाबी भिंतीला दह्याच्या कवड्या चिकटल्यासारखं दिसत होतं.

"बुरशी आहे अन्ननलिकेत," ते म्हणाले. "घाबरू नका. गोळ्यांनी जाईल, चौदा दिवस."

मी फोटोकडे बघत राहिलो. वडील पलंगावरून म्हणाले, आवाज बसलेला होता, "पोटात बुरा? ढोरावानी?"

"ढोरांची वेगळी जात असेल, आजोबा. ही माणसाच्या तोंडात थोडी थोडी असतेच. साखर वाढली, औषधं जास्त झाली की माजते."

"समद्यांच्या तोंडात असती?"

"सगळ्यांच्या."

"आप्पाच्याबी?"

"कोण आप्पा?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणालो, गावातले एक.

सहाव्या दिवशी आप्पा आले. गावातलं कुणी दवाखान्यात असलं की भेटून यायचं, ही रीत ते पाळत. हातात सहा मोसंबी होती. तेही थकले होते, काठी घेऊन चालत होते. आठ खाटांचा वॉर्ड होता, भेटायची वेळ होती, सगळ्या खाटांजवळ माणसं. त्यांत आमच्या गावचीही चार होती, एका बाळंतिणीच्या नात्यातली. आप्पा स्टुलावर बसले. काय झालंय विचारलं. मी सांगितलं, अन्ननलिकेत बुरशी. त्यांनी मोसंब्यांची पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली.

मग खाली वाकून हळू म्हणाले, "त्या येळंला गाईचं... आमचं चुकलं."

वडिलांचे कान चांगले होते. पण ते म्हणाले, "मोठ्यानं बोला, आप्पा. ऐकू येत न्हाई."

"गाईचं म्हनतोय."

"कंच्या गाईचं?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने कूस बदलून इकडे तोंड केलं. गावची ती चार माणसंही बघायला लागली. आप्पांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "माझी गाय बुरशीनं मेली. तू इख घातलं न्हवतंस. तू काय घातलं न्हवतंस."

"आसं न्हाई," वडील म्हणाले. "पेंड मीच घातली. सांगितली तुम्ही. दोघांचं हाय ते."

आप्पांनी मान हलवली. "दोघांचं," ते म्हणाले.

मी जवळच उभा होतो. मोठं काहीतरी झालं आहे हे मला कळत होतं. पण आत काही हललं नाही. सलाइनचे थेंब मिनिटाला किती पडतात ते मी बघत होतो. बावीस पडत होते.

आप्पांनी खिशातून पाचशेची नोट काढून उशीजवळ ठेवली. म्हणाले, दवाखान्याला होतील. वडिलांनी नोट उचलून माझ्याकडे दिली.

"दवाखान्याचं तू भर. ही मजुरी हाय. अकरा दिवसांची. हिशेब कर आन् वरचे परत दे."

सत्त्याण्णवचा दर चाळीस. साठ रुपये माझ्याकडे सुटे होते, पन्नासची एक आणि दहाची एक. आप्पांनी ते घेतले, मोजले नाहीत, बंडीच्या खिशात घातले.

वडील नवव्या दिवशी घरी गेले. दवाखान्याचे सहा हजार तीनशे चाळीस रुपये मी खिडकीवर भरले. चारशे चाळीस रुपये, अकरा दिवसांची मजुरी, आप्पांनी माझ्या वडिलांना दिली.